शंभर टक्क्यांचा सोस

मे महिना सरत आला की पेडणे आणि डिचोलीकडच्या घरांत पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्याच्या साठवणीची, घाई सुरू होते. सुकी सुंगटे, आमसुले, मिरच्या, उकडे तांदूळ, सगळे डब्यांत बंद होऊन माळ्यावर जाते. हल्ली त्यात आणखी एका गोष्टीची भर पडली आहे. घरातला प्रत्येक चार्जर भिंतीला चिकटलेला असतो आणि लॅपटॉप तर त्यावरून उतरतच नाही. का, असे विचारा. उत्तर ठरलेले आहे: “लाईट कधी जाईल सांगता येते?”

नाहीच येत. गोव्याची बहुतेक वीज राज्याबाहेरून येते, पण आपला खोळंबा तिथे क्वचितच होतो. तो होतो इब्रामपूर-हसापूरच्या नाहीतर मये-नार्व्याच्या वाटेवर, तारेवर आडव्या पडलेल्या चुडतापाशी. १६ मे २०२१ च्या रविवारी तौक्ते वादळ आपल्या किनाऱ्याजवळून सरकले, तेव्हा झाडे तारा आणि खांब घेऊनच खाली आली. कोविडचे दिवस होते, निम्मी कार्यालये घरात आलेली होती आणि कित्येक वाड्यांवर वीज परतायला दिवस लागले. पूर्वी सरकारच्या सायबरएज योजनेतून अकरावीच्या मुलांच्या घरी पहिला संगणक आला, त्या काळात लाईट गेली की विषयच मिटत असे. आता लॅपटॉप आहे म्हणून आशा असते, आणि आशा असली की साठवणूक आलीच.

गोची अशी की पुरुमेंताचे सामान डब्यात टिकते, बॅटरी भरून ठेवली की झिजते. लाईट जाईल या भीतीने आपण जे करतो, त्यानेच लाईट गेल्यावर मिळणारे तास कमी होतात.

लॅपटॉपमधली बॅटरी लिथियम-आयन. सोनीने ती १९९१ मध्ये बाजारात आणली आणि ज्या तिघांच्या संशोधनावर ती उभी आहे, त्या गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो यांना २०१९ मध्ये रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. तिचा एकेक सेल पूर्ण भरला की साधारण ४.२ व्होल्टवर असतो. त्या ताणात आतले रसायन इलेक्ट्रोडवर हळूहळू बिघडत राहते, आणि उष्णता असली की हे काम झपाट्याने होते. अभ्यासक एक ढोबळ हिशेब देतात. चाळीस टक्के भरलेली बॅटरी २५ अंशांत वर्षभर पडून राहिली, तर तिची क्षमता चार टक्क्यांच्या आसपास घटते. तीच पूर्ण भरून ४० अंशांत ठेवली, तर तिसरा हिस्सा गेला म्हणून समजा. आता आपला एप्रिल-मे आठवा. कौलाखालची खोली, गादीवर ठेवलेला लॅपटॉप, खालची जाळी चादरीने बुजलेली, चार्जर चोवीस तास लावलेला. आत ४० अंश व्हायला आणखी काय हवे?

उपाय फुकट आहे, पण तो सेटिंगमध्ये दडलेला असतो. बहुतेक कंपन्यांनी चार्जिंग ऐंशी टक्क्यांवर थांबवण्याची सोय दिली आहे. ती चालू केली की लॅपटॉप खुशाल प्लगवर राहू द्या. आणि ‘पूर्ण उतरवून मगच चार्ज कर’ हा वडीलधारा सल्ला विसरा. तो जुन्या निकेल-कॅडमियम बॅटरीचा. लिथियमला तळ गाठायला लावणे म्हणजे विनाकारण छळ.

तपासायचे असेल तर विंडोजच्या कमांड खिडकीतून बॅटरी रिपोर्ट काढता येतो. त्यात दोन आकडे बघायचे: कारखान्यातून निघतानाची क्षमता आणि आजची पूर्ण क्षमता. पन्नास वॉट-तासांची बॅटरी तीसवर आली असेल, तर पडद्यावरचे शंभर टक्के म्हणजे मूळचे साठ.

लाईट गेल्यानंतरचे गणित साधे भागाकाराचे. पन्नास वॉट-तास असले आणि यंत्र दहा वॉट खात असले तर पाच तास. पंचवीस खात असले तर दोन. खादाड कोण? पहिला पडदा. भर दुपारी ठेवलेला उजेड रात्रीही तसाच ठेवणारे लोक मी पाहतो आणि मला त्यांच्या डोळ्यांचीही काळजी वाटते. मग व्हिडिओ कॉल, आणि उघडून विसरलेले ब्राउझरचे टॅब. नुसते झाकण मिटले म्हणजे लॅपटॉप बंद झाला असेही नाही. झोपलेला लॅपटॉपही खात असतो. दोन-तीन तास लागणार नसेल तर हायबरनेट करावा.

हे सगळे कोणाकडून शिकावे, तर जत्रेतल्या नाटकाला पार्श्वसंगीत देणाऱ्याकडून. दुसऱ्या अंकात ऐन रंगात लाईट जाते, जनरेटर सुरू होईपर्यंत लोक शिट्ट्या मारतात, पण विंगेतला लॅपटॉप जिवंत लागतो. हा माणूस वाय-फाय बंद करतो, पडदा दिसेल न दिसेल इतका मंद ठेवतो, नाटकाच्या फाइल्सखेरीज काही उघडत नाही. शिवाय दुपारी ऐंशीवर ठेवलेला लॅपटॉप पहिल्या घंटेआधी शंभरवर नेतो.

पावसाळ्यातही हेच करावे. एरवी ऐंशी, आणि वेधशाळेने ऑरेंज अलर्ट दिला की त्या संध्याकाळी शंभर. वादळ गेले की पुन्हा ऐंशी.

इन्व्हर्टरवर लॅपटॉप लावणे हा थोडा उधळा मार्ग. बॅटरीचे १२ व्होल्ट २३० होतात, मग अडॅप्टर ते पुन्हा १९-२० वर आणतो, आणि दोन्ही वळणांवर वीज उष्णतेत जाते. लॅपटॉप टाइप-सीवर चार्ज होत असेल तर गाडीतला चार्जर किंवा ताकदीची पॉवर बँक परवडते. वीस हजार एमएएचची बँक म्हणजे कागदोपत्री ७४ वॉट-तास. मोपाहून विमान पकडणाऱ्यांसाठी जाता जाता: शंभर वॉट-तासांपर्यंतची बँक चालते, पण ती हातातल्या बॅगेतच हवी.

टचपॅड वर उचलला गेला असेल, क्लिक नीट होत नसेल किंवा लॅपटॉप टेबलावर डुगडुगत असेल, तर यातला एकही सल्ला लागू नाही. बॅटरी फुगली आहे. चार्जर काढा, यंत्र बंद करा, दाबून बसवू नका, टोचू तर मुळीच नका. थेट दुरुस्तीवाल्याकडे न्या. काढलेली बॅटरी पंचायतीच्या सुक्या कचऱ्यात टाकू नका, कचऱ्याच्या गाडीत दाबली गेली तर ती पेट घेऊ शकते. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांची आहे, तेव्हा नवी घेतानाच जुनीचे काय करणार ते दुकानदाराला विचारा.