धूर कमी झाला, मग उष्णता का वाढली?



२५ जुलै २०२० रोजी ‘वाकाशियो’ जहाज आपल्या पॉइंट देस्नीजवळ प्रवाळांवर आदळले आणि ऑगस्टमध्ये सुमारे १,००० टन तेल समुद्रात सांडले. हे आपण कोणीही विसरलेलो नाही. ते तेल नव्या प्रकारचे, अगदी कमी गंधकाचे होते. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने १ जानेवारी २०२० पासून जहाजांच्या इंधनातील गंधकाची मर्यादा ३.५ टक्क्यांवरून ०.५ टक्क्यावर आणली होती. हेतू चांगला होता. गंधकाच्या धुरामुळे फुप्फुसांचे व हृदयाचे रोग वाढतात.

परंतु याच धुरापासून हवेत सूक्ष्म कण तयार होतात. ते सूर्याची किरणे परत फिरवतात आणि समुद्रावरचे ढग अधिक पांढरे करतात. १९९१ साली फिलिपिन्समधील पिनातुबो ज्वालामुखीच्या अशाच कणांनी पृथ्वीचे तापमान काही काळ सुमारे अर्ध्या अंशाने उतरवले होते. संयुक्त राष्ट्रांच्या हवामान मंडळाच्या २०२१ च्या अहवालानुसार माणसाने सोडलेल्या वायूंनी पृथ्वी साधारण १.५ अंश तापवली. त्यातील सुमारे ०.४ अंश ताप मुख्यतः या कणांनी झाकून ठेवला होता. आता हे झाकण सरकत आहे. चीननेही २०१३ नंतर आपला धूर झपाट्याने कमी केला. २०२३ आणि २०२४ ही वर्षे विक्रमी उष्ण ठरली. त्यात एल निनोचाही हात होता. जहाजांच्या धुराचा वाटा किती, यावर शास्त्रज्ञांत मतभेद आहेत.

हे वर्गात सांगितले तेव्हा एका मुलाने विचारले, “गुरुजी, मग धूर राहू दिलेला बरा नाही का?”

प्रश्न योग्य आहे. पण कण आठवडाभरात पावसाबरोबर खाली येतात. कार्बन डायऑक्साइडचा परिणाम शेकडो वर्षे टिकतो. धुरावर विसंबणे म्हणजे तापलेल्या मुलाच्या कपाळावर ओली पट्टी ठेवून औषध न देणे. आणि ही पट्टीही विषारी!

म्हणून हवा स्वच्छ करण्यात चूक झालेली नाही. चूक आहे ती तिथेच थांबण्यात. मिथेन वायू हवेत दहा-बारा वर्षेच राहतो. तो कमी केल्यास लवकर दिलासा मिळेल. आपल्या बेटावरही विजेचा मोठा भाग अजून कोळसा व तेल जाळून मिळतो. केवळ धुराडी गाळून भागणार नाही. आपल्या प्रवाळांना वाचवायचे असेल, तर जाळणेच कमी करावे लागेल.