रिपोर्ट नॉर्मल, पण बाई बरी नाही

छत्तीस-सदतीस वर्षांची एक बाई ओपीडीत येते. सोबत नवरा, हातात प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत सात वर्षांचे कागद. तक्रार एकच, अंगात जीवच नाही. थंडी सोसत नाही, भूक लागत नाही, चार पायऱ्या चढल्या की बसावे लागते. शेतात जाणे बंद झाले आहे आणि घरातले म्हणतात, कामाची टाळाटाळ करते. आतापर्यंत रक्तवाढीच्या गोळ्या झाल्या, सलाइन झाले, 'टेन्शन घेऊ नका' हा सल्लाही झाला. थायरॉइडची तपासणी दोनदा झाली. दोन्ही वेळा टीएसएच नॉर्मल. मग विषय तिथेच संपला.

त्यानंतर कोणीतरी तिला तीन प्रश्न विचारते. ताई, शेवटच्या बाळंतपणात रक्त फार गेले होते का? बाळाला अंगावर पाजता आले का? पाळी परत सुरू झाली का? उत्तरे येतात: रक्ताच्या चार बाटल्या लावाव्या लागल्या होत्या, दूध आलेच नाही, पाळी त्यानंतर आलीच नाही. सात वर्षे पिशवीतल्या कागदांत न सापडलेले निदान या तीन उत्तरांत होते.

टीएसएच हे संप्रेरक थायरॉइड ग्रंथीत तयार होत नाही. मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी ते तयार करते आणि त्याद्वारे थायरॉइडला कामाचा हुकूम देते. थायरॉइड कमी पडू लागली की पिट्युटरी जोरात हुकूम सोडते, म्हणून टीएसएच वाढते. पण हुकूम देणारीच आजारी असेल तर? गरोदरपणात पिट्युटरी आकाराने वाढलेली असते. बाळंतपणात खूप रक्तस्राव झाला, तर तिचा रक्तपुरवठा तुटून ती निकामी होऊ शकते. याला शीहान सिंड्रोम म्हणतात. अशा बाईचे टीएसएच नॉर्मल दिसू शकते, आणि थायरॉइडचे खरे संप्रेरक, म्हणजे फ्री टी-फोर, मात्र तळाला गेलेले असते. असे रुग्ण रोज येत नाहीत. पण बाळंतपणातला रक्तस्राव आपल्याकडे अजून संपलेला नाही, त्यामुळे हा आजार विसरून चालणार नाही.

टीएसएच ही चाचणी वाईट आहे, असा याचा अर्थ नाही. थायरॉइड ग्रंथीच्याच बिघाडासाठी पहिली चाचणी म्हणून ती उत्तम आहे. तक्रार आहे ती एका आकड्यावर थांबण्याच्या सवयीबद्दल. आपल्याकडे थायरॉइडच्या बाबतीत कागद तपासला जातो, माणूस तपासायचा राहून जातो. ज्यांचा रिपोर्ट नॉर्मल येतो त्यांनाच याचा फटका बसतो असेही नाही. ज्यांचे निदान झाले, गोळी सुरू झाली, त्यांचेही यात नुकसान होते.

देशातील आठ शहरांतल्या पाच हजारांहून अधिक प्रौढांचा एक अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. मुंबई आणि गोवाही त्यात होते. जवळपास दर नऊ-दहा जणांमागे एकाला थायरॉइडची कमतरता आढळली. शंभरातल्या तीन-चार जणांना तर आपल्याला हा विकार आहे याचा पत्ताच नव्हता. इतक्या मोठ्या प्रमाणावर असलेला हा आजार बरा ठेवणे अवघडही नाही. १८९१ मध्ये इंग्लंडमधल्या जॉर्ज मरे या डॉक्टरने मेंढीच्या थायरॉइडचा अर्क टोचून एका बाईवर उपचार केले. ती बाई पुढे २८ वर्षे जगली. आज मेंढीची गरज नाही. थायरॉक्सिनची गोळी देशाच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे आणि तिचा रोजचा खर्च एका कटिंग चहापेक्षा जास्त नाही.

तरीही असंख्य रुग्ण अर्धवट उपचारांवर राहतात. कोणाला ५० मायक्रोग्रॅमची गोळी सुरू होते आणि पाच वर्षे तीच चालू राहते. ग्रंथी जवळजवळ बंद पडली असेल, तर प्रौढ माणसाला वजनाच्या दर किलोमागे साधारण १.६ मायक्रोग्रॅम थायरॉक्सिन लागते, म्हणजे साठ किलोच्या व्यक्तीला शंभरच्या आसपास. कमतरता सौम्य असेल तर कमी पुरते, वयस्कर किंवा हृदयरोग्याला थोड्यापासून सुरुवात करावी लागते. थोडक्यात, डोस प्रत्येकाच्या मापाचा हवा. हे औषध शरीरात हळूहळू साठते आणि हळूहळू उतरते, म्हणून डोस बदलल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच पुन्हा पाहायचे असते. ही पुढची तारीख किती केसपेपरवर लिहिलेली असते?

दुसरी चूक याच्या उलट बाजूची. टीएसएच वाढलेले दिसले की लगेच डोस वाढवला जातो, पण गोळी कशी घेता हे विचारले जात नाही. सकाळच्या चहाबरोबर घेतली, किंवा लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळीबरोबर एकाच घोटात गिळली, तर ती नीट शोषली जात नाही. ती उपाशीपोटी, साध्या पाण्यासोबत, चहा-नाश्त्याच्या अर्धा ते एक तास आधी घ्यायची असते. लोह आणि कॅल्शियम चार तासांनंतर. हे सांगायला एक मिनिट लागते. केसांसाठी घेतल्या जाणाऱ्या बायोटिनच्या गोळ्यांमुळे काही प्रयोगशाळांतल्या थायरॉइडच्या चाचण्या फसवे आकडे दाखवतात, हेही विचारल्याशिवाय कळत नाही.

गरोदरपणात तर वाट पाहायला वेळच नसतो. पहिल्या तीन महिन्यांत पोटातले बाळ आईच्याच थायरॉक्सिनवर अवलंबून असते. आधीपासून गोळी घेणाऱ्या बाईला या काळात साधारण पाव ते निम्मा डोस जास्त लागतो. दिवस राहिल्याचे कळताच हा बदल व्हायला हवा. प्रत्यक्षात नाव नोंदणी, सोनोग्राफी, रक्तगट असे करत तिसरा महिना उलटतो आणि गोळी तीच राहते. काही जणी तर 'गरोदरपणात औषधे नकोत' म्हणून गोळी बंदच करतात आणि त्यांना कोणी अडवत नाही.

सर्वांत मोठी किंमत मोजावी लागते ती नवजात बाळाला. भारतात साधारण हजार-अकराशे जन्मांमागे एका बाळाची थायरॉइड ग्रंथी जन्मतःच पुरेसे काम करत नाही. जन्मल्यावर ते बहुधा इतर बाळांसारखेच दिसते. टाचेतून काढलेल्या रक्ताच्या थेंबावर निदान होते. पहिल्या दोन आठवड्यांत गोळी सुरू झाली तर मूल बहुतेक इतर मुलांसारखेच वाढते. उशीर झाला तर बुद्धीची जी हानी होते ती नंतर भरून निघत नाही. कॅनडाच्या क्वीबेक प्रांतात ही तपासणी १९७४ मध्ये सुरू झाली. गोव्याने २००८ मध्ये नवजात बाळांची तपासणी हाती घेतली. केरळच्या सरकारी रुग्णालयांतही ती होते. महाराष्ट्रात मात्र ती अजून प्रत्येक बाळापर्यंत पोहोचलेली नाही. मोठ्या खासगी रुग्णालयातल्या बाळाची टाच टोचली जाते आणि आदिवासी पाड्यावरच्या बाळाची राहून जाते, हे राज्याला शोभणारे नाही.

या सगळ्यावर 'सर्वांचीच तपासणी करा, सर्वांनाच गोळी द्या' हा उपाय नव्हे. 'फुल बॉडी' पॅकेजमध्ये टीएसएच जरासे वाढलेले दिसले म्हणून जन्मभराची गोळी सुरू झालेले लोकही थोडे नाहीत. वयाबरोबर टीएसएच थोडे वाढतेच. पासष्टीपुढच्या लोकांमध्ये अशा सौम्य वाढीवर थायरॉक्सिन देऊन थकवा किंवा इतर त्रास कमी होत नाही, असे युरोपातल्या मोठ्या चाचणीत २०१७ मध्ये दिसून आले. गरजेपेक्षा जास्त गोळीने हृदयाचे ठोके बिघडतात, हाडे ठिसूळ होतात. प्रत्येक थकवा थायरॉइडचाही नसतो. त्यामागे रक्तक्षय असेल, मधुमेह असेल, नैराश्य असेल, किंवा पहाटे चारपासून रात्री अकरापर्यंतचे काम असेल. एकाला गोळी मिळत नाही आणि दुसऱ्याला नको असताना मिळते, याचे कारण एकच. दोघांकडेही कोणी नीट पाहिलेले नसते.

डॉक्टरांची अडचण खोटी नाही. तीन तासांत दीडशे रुग्ण पाहायचे तर एकाच्या वाट्याला जेमतेम सव्वा मिनिट येते. तेवढ्या वेळात आकडाच वाचून होतो. म्हणून नुसते डॉक्टरांना दोष देऊन भागणार नाही, व्यवस्था बदलावी लागेल. ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयांत आठवड्यातला एक दिवस थायरॉइडच्या फेरतपासणीला ठेवता येईल. गोळी कशी घेता, दिवस राहिले आहेत का, सोबत कोणती औषधे चालू आहेत, हे परिचारिका किंवा औषधनिर्माता आधीच विचारून केसपेपरवर लिहू शकतो. २५ पासून १०० मायक्रोग्रॅमपर्यंतच्या गोळ्या सरकारी खिडकीवर कायम मिळायला हव्यात, कारण एकच ताकद असली की डोस रुग्णाच्या मापाचा राहत नाही. लक्षणे बोलत असतील तर टीएसएचसोबत फ्री टी-फोर सांगण्याची मुभा हवी. आणि टाचेच्या थेंबाची तपासणी प्रत्येक प्रसूतिगृहात हवी.

रुग्णांनीही एवढे करावे. जुने रिपोर्ट तारखेनुसार लावून आणावेत, गोळीची बाटली सोबत ठेवावी, बाळंतपणात काय झाले होते ते न विचारता सांगावे आणि पुढची तपासणी कधी हे विचारल्याशिवाय उठू नये. गोळी स्वतःहून मात्र वाढवू नये, बंद करू नये.

त्या बाईला आधी कॉर्टिसोलची कमतरता भरून काढणारी गोळी दिली गेली, मग थायरॉक्सिन. हा क्रम उलटला तर जीवावर बेतू शकते, म्हणूनही निदान पूर्ण असावे लागते. तीन-चार महिन्यांनी ती फेरतपासणीला एकटी, एसटीने आली. खुरपणीला जाते म्हणाली. औषधे महाग नव्हती, चाचणीही दुर्मीळ नव्हती. 'रिपोर्ट नॉर्मल आहे' या वाक्यानंतर सात वर्षांत कोणीतरी एकदा तरी विचारायला हवे होते: मग ताई, तुम्हाला होते तरी काय?