कॅम्पिंगला चाललात? घरच्यांनाही घ्या!

पाऊस गेला, नवरात्र संपलं की प्रत्येक ग्रुपवर एक मेसेज हमखास पडतो. 'चला, कॅम्पिंग!' मग पवना लेकचे फोटो, भंडारदऱ्याच्या रील्स, माणशी किती पडतील, गिटार कोण आणणार. दोन दिवस ग्रुप नुसता पेटलेला असतो. तिसऱ्या दिवसापासून एकेक जण गळायला लागतो. कुणाचं बजेट नाही, कुणाला सुट्टी नाही आणि ग्रुपमधल्या मुलींचं ठरलेलं उत्तर, 'घरी विचारून सांगते.' पुढे काय होतं ते तुम्हाला माहीत आहेच.

मला एक सुचवायचंय. हसू नका. या वेळी कॅम्पिंगला घरच्यांनाही घेऊन जा. फक्त तुमच्याच नाही, ग्रुपमधल्या सगळ्यांच्या घरच्यांना.

खरं सांगते, मला ही आयडिया काही कुटुंबप्रेमातून सुचली नव्हती. ती पळवाट होती. मी सातपाटीची. सेकंड इयरला असताना आमच्या ग्रुपचं कोजागरीच्या रात्री बाहेर राहायचं ठरलं. मला परवानगी मिळणार नव्हती, माझ्या बोईसरच्या मैत्रिणीलाही नाही. तेव्हा वैतागून मीच म्हटलं, 'मग तुम्हीपण चला ना!' आई-बाबा नाहीच म्हणतील अशी खात्री होती. पण त्या आठवड्यात बोटीचं मशीन कामाला काढलेलं होतं, बाबा घरी होते. ते म्हणाले, 'चला.' झाली की पंचाईत!

अशी तीन घरं निघाली. एक आमचं. दुसरं बोईसरचं, तिथले काका एमआयडीसीत शिफ्टला जातात. तिसरं पालघरचं, तिथल्या काकू शाळेत शिकवतात. लहानमोठी मिळून अकरा माणसं. जागा केळव्याला, ओळखीतल्यांच्या वाडीत. पुढे सुरूची झाडं आणि त्यापुढे समुद्र. दोन तंबू उसने, बाकी बोटीवरची ताडपत्री. घरटी सातशे रुपये काढले, त्यात सगळं भागलं.

जाताना मला एकच टेन्शन होतं, बाबा. ते चार-पाच दिवस समुद्रात राहून येणारे, त्यामुळे उघड्यावर झोपण्याचं त्यांना काय कौतुक? 'माणसं पैसे देऊन बाहेर झोपतात होय?' असं ते वाटेत दोनदा म्हणाले. शिवाय ते जोरात बोलतात, फोनवर तर आणखी जोरात. मित्रमैत्रिणींसमोर कसं होईल, ही धाकधूक होती. आज ते लिहितानाही लाज वाटते, पण होती.

आम्ही साडेपाचच्या सुमाराला पोहोचलो. पाणी लांब गेलेलं, समोर सपाट, कडक वाळू. आम्हा मुलांचं लगेच ठरलं, तंबू इथेच, पाण्याजवळ. फोटो काय भारी येतील! दोन खुंट्या ठोकूनही झाल्या. बाबा मागून आले, वाळूकडे बघितलं आणि म्हणाले, 'आज पुनव आहे. रात्री अकरा-साडेअकराला इथे पाणी असेल.'

मित्राने मोबाइल काढला. तेवढ्यात बाबांनी त्याला हिशेब सांगितला. तिथीला पाऊणपट करायची. पौर्णिमा म्हणजे पंधरा. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. त्या सुमाराला भरती, आणि पुढे सहा-सव्वासहा तासांनी ओहोटी. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या आसपास भरती. अंदाज आहे, थोडंफार मागेपुढे होतं. पण पौर्णिमा-अमावास्येला उधाण असतं, पाणी नेहमीपेक्षा वर चढतं, त्यामुळे त्या रात्री वाळूचा भरवसा धरायचा नाही. ना अॅप, ना रेंज. कॅलेंडरवरची तिथी माहीत असली की झालं.

तंबू उचलून सुरूच्या मागे, वाडीत नेले. दोऱ्यांच्या गाठीही बाबांनीच मारल्या. रात्री दवाने कापड भिजतं म्हणून वरून ताडपत्री टाकली. आणि साडेअकराला आम्ही मसाला दुधाचे ग्लास घेऊन बघायला गेलो, तर आमच्या खुंट्यांच्या जागी खरोखरच पाणी होतं. माझा मित्र बाबांना म्हणाला, 'काका, अजून सांगा ना.' आणि बाबा दोन तास बोलत होते. रात्री समुद्रात दिशा कशी धरतात, वारा बदलला की काय करायचं, पहिल्यांदा बोटीवर गेले तेव्हा किती उलट्या झाल्या. यातलं निम्मंअर्धं मीसुद्धा पहिल्यांदाच ऐकत होते.

मी पत्रकारिता शिकते. असाइनमेंटसाठी रिक्षावाल्यांपासून नगरसेवकांपर्यंत कितीतरी लोकांना प्रश्न विचारलेत. पापलेट 2023 मध्ये राज्याचा मासा जाहीर झाला, त्यावर सातपाटीत फिरून प्रोजेक्टही केला. पण ज्या माणसाच्या जाळ्यातल्या पापलेटवर माझी फी भरली गेली, त्याला 'तुम्ही हे कसं शिकलात?' असं कधी विचारलं नव्हतं. घरी वेळच नसतो हो. ते समुद्रावरून येतात तेव्हा मी कॉलेजला, मी येते तेव्हा ते झोपलेले. आता बोट ठेवायची की विकायची, यावर घरात बोलणं चालतं. माझा भाऊ समुद्रावर जाणार नाही, मीही नाही. तिथीचा हिशेब मात्र मला येतो आता. त्या रात्रीमुळे.

तुमचे बाबा मच्छीमार नसतील. पण त्यांनाही काहीतरी येत असेल जे तुम्हाला माहीत नाही. बोईसरच्या काकांनी तीन दगडांवर अकरा जणांची खिचडी अशी केली की त्यांची बायकोच बघत राहिली. नोकरीला नवीन असताना खोलीवर चार जण राहायचे, तेव्हा शिकले म्हणे.

आता तुमचं म्हणणं मला ऐकू येतंय. घरचे आले की मजा जाते. मोकळं बोलता येत नाही. आणि मुख्य म्हणजे, बावीस वर्षांच्या मुलीने बाहेर राहायला आईबाबा सोबत कशाला लागतात? शंभर टक्के मान्य. फॅमिली कॅम्प म्हणजे स्वातंत्र्याला पर्याय नव्हे, आणि मुलींना 'जायचं तर आमच्यासोबतच' असं सांगायला त्याचा वापर व्हायला लागला तर मी पहिली विरोध करीन. पण माझा अनुभव उलटा आहे. त्या रात्रीनंतर माझे मित्र आईबाबांसाठी 'कोण तो मुलगा?' राहिले नाहीत. ते 'गाठ न येणारा' आणि 'तीन ग्लास दूध पिणारा' झाले. पुढच्या वर्षी आम्ही ग्रुपने काळदुर्गच्या ट्रेकला गेलो तेव्हा आईने फक्त विचारलं, 'खिचडीवाल्यांची मुलगी आहे ना सोबत?' ओळख नसते तिथे भीती असते, आणि ती ओळख आपणच करून देत नाही. घर वेगळं, ग्रुप वेगळा, असे आपण दोन कप्पे करून ठेवतो आणि मग घरचे विश्वास ठेवत नाहीत म्हणून चिडतो.

एका बाबतीत मात्र आम्ही साफ चुकलो, तेही सांगते. माझी आई पालघरच्या बाजारात मासळी विकते. तिचा दिवस पहाटे सुरू होतो आणि सुट्टी असा शब्द तिच्याकडे नाही. कॅम्पला पोहोचल्यावर तिने पहिल्यांदा काय केलं? पदर खोचला आणि विचारलं, 'चूल कुठे मांडायची?' शिक्षिका काकू कांदे चिरायला बसल्या. घरातलं स्वयंपाकघर आम्ही उचलून वाडीत आणलं होतं, एवढंच. बोईसरच्या काकांनी डाव हातात घेतला तेव्हा कुठे दोघी उठल्या. आई मग वाळूत पाय पसरून बसली. समुद्राकडे तोंड करून, काहीही न करता बसलेली आई मी त्याआधी पाहिली नव्हती. म्हणून नियम आधीच करा. आया स्वयंपाक करणार नाहीत. भांडीसुद्धा नाही.

बाकीचं थोडक्यात. जागा शोधताना तलाव, चांदणं, व्ह्यू नंतर बघा. आधी रात्री बायकांना वापरता येईल असं स्वच्छतागृह जवळ आहे का ते बघा. आम्हाला वाडीवाल्यांनी त्यांचं घर उघडून दिलं म्हणून निभावलं. जागेच्या मालकाला विचारल्याशिवाय खुंटी ठोकू नका. ऑक्टोबरची दुपार भाजून काढते, त्यामुळे उन्हं उतरल्यावरच पोहोचा. रात्री, त्यातही भरतीला, पाण्यात उतरायचं नाही. आणि किनारा म्हणजे मोकळं मैदान नव्हे. जिथे बोटी ओढतात, जाळी विणतात, वलांडीवर बोंबील सुकतात, ते कुणाचं तरी कामाचं ठिकाण आहे. तुमच्या ऑफिसात कुणी येऊन शेकोटी पेटवली आणि बाटल्या फोडून गेलं तर चालेल का?

या वर्षीची कोजागरी हुकली तर दिवाळीची सुट्टी आहे, त्रिपुरी पौर्णिमा आहे. ग्रुपवर मेसेज टाका, 'घरचेपण येताहेत.' दोन जण हसणारे इमोजी टाकतील, टाकू देत. आणि समुद्रावर जाणार असाल तर निघण्याआधी तिथी बघा, तिची पाऊणपट करा. तंबू त्या हिशेबानेच ठोका.