थेंबाची परीक्षा तालुक्याच्या गावीच व्हावी

गुऱ्हाळावर रसाने भरलेली काहील चुलाणावर चढली की तिला आधण येण्यास पुष्कळ वेळ लागतो; तोच रस पळीभर घेऊन तापविला तर पाहता पाहता उकळतो. पदार्थ जितका थोडा, तितके उष्णतेला आत शिरण्याचे अंतर कमी. थेंबाचा व्यास दहापट लहान केला, तर त्याच्या मध्यापर्यंत उष्णता पोहोचण्याचा वेळ सुमारे शंभरपट कमी होतो. कोल्हापूरच्या गुळव्यास अनुभवाने ठाऊक असलेले हे तत्त्व आज रोगपरीक्षेच्या कामी आले आहे. त्याचा लाभ गोठ्यापर्यंत पोहोचविणे अगत्याचे आहे.

रोगजंतू ओळखण्याची पीसीआर ही खात्रीची रीत होय. तीत रोगजंतूचा डीएनए सुमारे ९५ अंश सेल्सियसपर्यंत तापवून त्याचे दोन पदर सुटे करतात व नंतर ६० अंशांच्या आसपास निववून त्याच्या प्रती तयार करतात. प्रत्येक फेरीत प्रती जवळजवळ दुप्पट होतात. अशा ३० ते ४० फेऱ्या कराव्या लागत असल्याने तापविण्या-निवविण्यातच बराच वेळ जातो. शेजारच्या गोव्यातील मोलबायो कंपनीच्या ट्रूनॅट यंत्रात चिपवर अवघे ६ मायक्रोलिटर द्रव, म्हणजे नेहमीच्या थेंबाचा सुमारे आठवा भाग, घालतात. यंत्र बॅटरीवर चालते व फेऱ्या सुमारे तासाभरात आटोपतात. क्षयरोगाच्या निदानासाठी जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली या चाचण्यांची शिफारस केली.

२०२२ साली लंपी चर्मरोगाने महाराष्ट्रातील पशुपालकांना हवालदिल केले. कोल्हापूर जिल्ह्यासही त्याची झळ लागली. अंगावर गाठी येण्यापूर्वी नुसता ताप असतो व तेवढ्यावरून निश्चित निदान होत नाही. नमुना दूरच्या प्रयोगशाळेत जाऊन उत्तर येईपर्यंत माश्या, डास व गोचीड आपले काम करीतच असतात. थेंब तासाभरात तपासता येत असता नमुना वाटेत दिवस काढीत असेल, तर विज्ञानाची ही गती व्यर्थ होय. म्हणून प्रत्येक तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात असे यंत्र असावे, व दूध संघांनी त्याच्या खर्चाचा वाटा उचलावा.

यावर खर्चाचा व कुशल हातांचा आक्षेप घेतला जाईल, आणि तो अनाठायी नाही. लहान थेंब लवकर तापतो तसाच लवकर वाळतोही. म्हणून तो बंद कोठडीत किंवा तेलाच्या आवरणात ठेवावा लागतो. प्रती दुपटीने वाढत असल्याने नमुन्यात शिरलेला परका अंशही खोटे उत्तर देऊ शकतो. यास्तव कर्मचाऱ्यांचे शिक्षण आधी व्हावे आणि प्रत्येक रोगाची चिप जनावरांच्याच नमुन्यांवर पारखून घ्यावी.

यंत्र आले तरी पशुपालकाचे कर्तव्य सरत नाही. ताप आलेले जनावर उत्तराची वाट न पाहता वेगळे बांधावे, गोठा माश्या-गोचिडांपासून मुक्त ठेवावा व लसीकरण वेळेवर करून घ्यावे. या दक्षतेस त्वरित निदानाची जोड मिळाली, तर एका गोठ्यातील रोग साऱ्या गावात पसरण्याआधी आवरता येईल.