परदेशी जाणारे कागद आणि नोटरीचा शिक्का



आपली मुले-मुली आज लंडन, टोरंटो, मेलबर्न येथील विद्यापीठांत शिकावयास जात आहेत. महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठीच आहे. परंतु प्रवेश मिळाल्यावरही पुष्कळ कुटुंबांची गाडी कागदपत्रांपाशी अडते, हे मी वकिलीच्या व्यवसायात नित्य पाहतो.

आपल्यात असा एक समज रुजला आहे की, कागदावर नोटरीचा तांबडा शिक्का उमटला म्हणजे तो कागद खरा झाला. हा समज सर्वस्वी चुकीचा आहे. १९५२ च्या नोटरी अधिनियमाखाली नेमलेला नोटरी एवढेच सांगतो की, अमुक व्यक्तीने आपल्या समक्ष शपथ घेतली, सही केली, अथवा ही नक्कल आपण मुळाशी ताडून पाहिली. आतील मजकुराची हमी तो देत नाही.

शिवाय वाशीमच्या कचेरीबाहेर बसणाऱ्या नोटरीची सही टोरंटोच्या अधिकाऱ्याने कशी ओळखावी? ही अडचण सोडविण्यासाठी हेग येथे ५ ऑक्टोबर १९६१ चा आंतरराष्ट्रीय करार झाला. भारतापुरता तो १४ जुलै २००५ पासून अमलात आला. त्यानुसार आपले परराष्ट्र मंत्रालय कागदावर ‘अपोस्टिल’ नावाचा दाखला लावते; मात्र त्याआधी राज्य शासनाच्या नेमलेल्या विभागाने तो कागद प्रमाणित केलेला असावा लागतो. प्रतिज्ञापत्र किंवा मुखत्यारपत्र असेल तर प्रारंभ नोटरीपासून होतो. जन्माचा, विवाहाचा दाखला वा पदवी असेल तर मूळ कागदच पुढे न्यावा. कॅनडात हा करार ११ जानेवारी २०२४ पासून लागू झाला. संयुक्त अरब अमिरातीने तो स्वीकारलेला नाही, म्हणून तेथे जाणारा कागद त्यांच्या वकिलातीकडून प्रमाणित करून घ्यावा लागतो. आणि हे अपोस्टिलदेखील सही, हुद्दा व शिक्का यांचीच ग्वाही देते, मजकुराची नव्हे.

तेव्हा मुख्य प्रश्न मजकुराचा आहे, आणि तेथेच आपण अधिक सावध असले पाहिजे. धर्मांतरानंतर अनेक घराण्यांनी आडनावे बदलली. आजोबांच्या जमिनीच्या उताऱ्यावर एक आडनाव, वडिलांच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर दुसरे, मुलीच्या पारपत्रावर तिसरे! आपल्या गावात हे सारे एकच घर आहे हे सर्वांना ठाऊक असते. परक्या देशातील अधिकाऱ्यास ती तीन निराळी माणसे दिसतात. त्यात १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या बालकांच्या नावात आईचे नाव वडिलांच्या आधी लिहिण्याचा नियम महाराष्ट्रात आला. नियम स्तुत्य आहे, पण एकाच घरातील दोन भावंडांच्या नावांची ठेवण आता निराळी असेल, हे ध्यानात ठेवा. केवळ शंभर-पाचशेच्या मुद्रांकावर ‘मी नाव बदलले’ असे लिहून नोटरीपुढे शपथ घेतल्याने काम भागत नाही. नावाचा अथवा धर्माचा बदल महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात प्रसिद्ध करून घ्या, मग शाळेपासून पारपत्रापर्यंत एकेक नोंद जुळवा. याला महिनेच्या महिने लागतात. प्रवेशपत्र हाती पडल्यावर धावपळ करून उपयोग नाही.

विवाहाचेही तसेच. त्रिशरण-पंचशील घेऊन झालेला विवाह कायद्याने मान्य आहे, पण त्याची नोंद निबंधकाकडे झाली पाहिजे. नोटरीपुढे केलेला ‘विवाहाचा करार’ हा विवाहाचा दाखला नव्हे. नोटरींनी असे विवाहाचे व घटस्फोटाचे लेख करू नयेत, असे केंद्रीय विधी मंत्रालयाने २०२४ साली बजावले आहे. तरीही असे कागद विकणारे आहेतच, आणि त्यांच्या भरवशावर पतीकडे जाऊ पाहणारी भगिनी व्हिसाच्या खिडकीवरून परत येते.

दलालाच्या हाती कोऱ्या कागदावर सही करून देऊ नका. नोटरीपुढे स्वतः जा, मूळ कागद न्या, त्याच्या नोंदवहीत आपली नोंद झाली की नाही ते पाहा आणि नोंदीचा क्रमांक लिहून घ्या.

आपल्यातील तरुण वकिलांनाही एक सांगणे आहे. नोटरी होण्यास सामान्यतः दहा वर्षांची वकिली लागते. अनुसूचित जातीच्या वकिलांना व स्त्रियांना सात वर्षे पुरतात. ही सवलत नियमांत असूनही तालुक्याच्या ठिकाणी आपले नोटरी विरळाच आढळतात. ज्यांची सात वर्षे भरली आहेत त्यांनी अर्ज करावेत.