बिनकामाचं धावणं

आपल्या नंदुरबार जिल्ह्यात बाई घराबाहेर पडली की वाटेत भेटेल तो माणूस विचारतो, "कोठे चालनी वं?" या विचारण्यात वाईट काही नसतं, बहुतेक वेळा आपुलकीच असते. पण त्याचं उत्तर म्हणून एखादं काम सांगता यावं लागतं. पाण्याला चालले, सरपणाला चालले, दळण घेऊन, रेशनला, दवाखान्यात. "कुठे नाही, सहज" असं उत्तर गावातला कोणताही पुरुष देऊ शकतो, आणि विचारणारा मान डोलावून पुढे जातो. बाईनं ते दिलं, तर विचारणारा थांबतो. मला या 'सहज'विषयीच लिहायचं आहे, आणि तेही धावण्याच्या निमित्तानं.

गेल्या वीस वर्षांत महाराष्ट्रात हौशी धावण्याचं चांगलंच पेव फुटलं आहे. मुंबईची मॅरेथॉन 2004 साली सुरू झाली, साताऱ्याची डोंगरातली अर्ध-मॅरेथॉन 2012 साली. गावोगावची माणसं पैसे भरून, रजा काढून, रात्रीचा प्रवास करून तिथे धावायला जातात. त्यांत बायकाही असतात. तिशीतल्या, पन्नाशीतल्या, क्वचित सत्तरीतल्याही. बहुतेकींना बक्षीस मिळणार नसतं आणि ते त्यांना ठाऊक असतं. कार्यकर्त्या मैत्रिणींमध्ये हा विषय काढला की पहिला आक्षेप ठरलेला: ही पोट भरलेल्यांची थेरं. बूट, प्रवेश-फी आणि प्रवासखर्च यांची बेरीज केली, तर शेतमजूर बाईची कित्येक दिवसांची मजुरी होते. ज्या जिल्ह्यातली कुटुंबं दरवर्षी ऊसतोडीला गुजरातेत जातात, तिथे हे कुणाला सांगायचं?

आक्षेप खरा आहे. पण तो अर्धाच खरा आहे, असं मला वाटतं.

आपल्याकडे मुली धावत नाहीत असं नाही. नंदुरबारला, शहाद्याला, तळोद्याला पहाटे मैदानावर जा; पोलीसभरतीची तयारी करणाऱ्या मुली घोळक्यानं फेऱ्या मारताना दिसतील. शासकीय नोकऱ्यांत स्त्रियांसाठी 30 टक्के जागा राखीव आहेत, भरतीत मुलींना 800 मीटर धावावं लागतं, त्याला गुण असतात. म्हणून आई-बाप पहाटे दार उघडून देतात. ही मोठीच गोष्ट आहे, तिला मी कमी लेखत नाही. पण भरती झाली किंवा वय निघून गेलं की ती मुलगी पुन्हा त्या मैदानावर दिसत नाही. धावण्याचं कारण संपलं, म्हणून धावणं संपलं. तिचा भाऊ मात्र संध्याकाळी क्रिकेट खेळायला तिथेच येतो, आणि त्याला कुणी कारण विचारत नाही.

आठ मार्चला आपण महिलांची दौड काढतो. तिथेही पाठीवर घोषवाक्य असतंच. मुलगी वाचवा, पाणी वाचवा, मतदान करा. विषय सगळे महत्त्वाचे. तरी प्रश्न पडतो की, बाईनं नुसतं स्वतःसाठी तीन किलोमीटर धावावं, एवढ्यासाठी आपण कधी दौड काढली आहे का?

बाईच्या धावण्याची धास्ती फक्त आपल्या गावांनाच होती असं नाही. 1928 साली ॲम्स्टरडॅमच्या ऑलिंपिकमध्ये स्त्रिया 800 मीटर धावल्या. त्या दमून जमिनीवर पडल्या असा गवगवा झाला आणि ती शर्यत 1960 पर्यंत स्त्रियांसाठी बंद राहिली. 1967 साली अमेरिकेत बोस्टनच्या मॅरेथॉनमध्ये कॅथरीन स्वित्झर नंबर लावून धावू लागली, तेव्हा एका पदाधिकाऱ्यानं भर रस्त्यात तिचा नंबर हिसकायचा प्रयत्न केला. त्या शर्यतीत स्त्रियांना रीतसर प्रवेश मिळाला तो 1972 साली. ऑलिंपिकमध्ये स्त्रियांची मॅरेथॉन सुरू व्हायला 1984 साल उजाडावं लागलं. या सगळ्या काळात सांगितलं जाणारं एक कारण असं होतं की, लांब धावलं तर बाईचं गर्भाशय सरकतं.

हे कारण आपल्या ओळखीचं आहे. मुली उड्या मारू लागल्या की आजही एखादी आजी हेच सांगते. पण डोक्यावर दोन हंडे, कडेवर मूल आणि पायांखाली सातपुड्याचा चढ, हे चालू असताना गर्भाशयाची काळजी कुणी करत नाही. बाळंतपणानंतर लगेच जड ओझी उचलल्यानं अंग बाहेर येण्याचा धोका वाढतो, हे डॉक्टर सांगतात. आपल्याकडे कितीतरी बायका ते दुखणं लाजेनं लपवून शेतात राबतात. म्हणजे खरी काळजी शरीराची नव्हतीच. बाईचं शरीर कामाला झिजलं तर चालतं. तिच्या मर्जीनं दमलं की ते डोळ्यावर येतं.

2019 सालच्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीत घरच्या बिनमोल कामात स्त्रियांची दिवसाला सरासरी 299 मिनिटं जातात आणि पुरुषांची 97, असं आढळलं. ज्या बाईची पाच तास अशी जातात आणि वर मजुरीही असते, तिला "पहाटे उठून धाव" असा उपदेश करणं हा क्रूरपणा होईल. तिला आधी जवळ पाणी हवं, चुलीला पर्याय हवा, पोटभर अन्न हवं. कदाचित तिच्या हक्काची मौज म्हणजे एक तास निवांत झोप असेल, आणि तीही तितकीच मोलाची आहे. माझं म्हणणं एवढंच आहे की, भाकरीची लढाई लढताना मौजेचा हक्क आपण "नंतर बघू" म्हणून बाजूला ठेवतो, आणि ते 'नंतर' कधी येत नाही.

या जिल्ह्यातल्या बायकांच्या पायांचा इतिहास थोर आहे. 1972 साली शहाद्यात श्रमिक संघटना उभी राहिली. त्या चळवळीतल्या भिल्ल बायका गावोगाव चालत गेल्या, त्यांनी दारूची मडकी फोडली, मारकुट्या नवऱ्यांना जाब विचारला. नर्मदेकाठच्या मणिबेलीत बायका वाढत्या पाण्यात उभ्या राहिल्या. मोर्चात, पदयात्रेत आपण मैलोनमैल चालतो. चैत्रात खानदेशातून सप्तशृंगीच्या गडावर पायी जाणाऱ्यांतही बायका असतात. बाई समूहानं चालली, देवासाठी चालली, न्यायासाठी चालली, तर समाज निदान वाट सोडतो. ती एकटी आणि स्वतःसाठी निघाली की मात्र कुजबूज सुरू होते. आपल्या पाड्यांवर ही कुजबूज साधी नसते. अवेळी एकटी हिंडणाऱ्या बाईवर डाकीण असल्याचा संशय घेतला जाऊ शकतो, आणि पुढे काय होतं ते इथे काम करणाऱ्या कुणालाही सांगायला नको. 2013 साली जादूटोणाविरोधी कायदा झाला, म्हणून ती भीती सगळी गेली असं नाही.

आनंदासाठी शरीर हलवणं हे काही शहरातून आणलेलं खूळ आहे, असंही मला वाटत नाही. अक्कलकुव्याजवळच्या काठीच्या राजवाडी होळीला रात्रभर ढोलावर पावलं पडतात. तिथे नाचणाऱ्या बाईला "यानं काय मिळतं?" असं कुणी विचारत नाही. हा प्रश्न आपल्या पांढरपेशा वळणातून, शाळेतून आणि शिस्तीतून आला आहे. आणि सारंगखेड्याच्या यात्रेत पाहा, घोडीची चाल बघून माणसं लाख-लाख रुपये मोजतात, कौतुकानं मागे धावतात. मुलीची चाल ऐटबाज असली की मात्र "पाय जपून टाक" असं ऐकवलं जातं.

मी स्वतः काही वर्षांपासून धावते, वेगानं अजिबात नाही. समुपदेशनाचं काम करताना दिवसभर मारहाणीच्या, सोडून दिल्याच्या, जाळल्याच्या हकिगती ऐकाव्या लागतात. समाजकार्याच्या शिक्षणात दुसऱ्याचं ऐकायला शिकवतात. ऐकलेलं उतरवून कुठे ठेवायचं ते फारसं शिकवत नाहीत. सकाळी पाच-सहा किलोमीटर धावल्यावर ते थोडं उतरतं. घामानं प्रश्न सुटत नाहीत, पण दुपारी समोर बसलेल्या बाईवर उगाच चिडायला होत नाही. चढावर श्वास लागतो, मग आपोआप जुळतो, तेव्हा हे शरीर माझं आहे हे भाषणाशिवाय पटतं.

साताऱ्याला एकदा धावायला गेले, तेव्हा धावण्याइतकाच प्रवासही लक्षात राहिला. त्याआधी मी एकटीनं केलेला प्रत्येक प्रवास बैठकीचा, शिबिराचा, नाहीतर कुणाच्या आजारपणाचा होता. यवतेश्वरचा घाट चढताना छातीवर फक्त नाव आणि नंबर होता. कुणाची बायको, कुणाची आई, कोणत्या जातीची, हे कुणी विचारलं नाही. घाटात शेजारून धावणाऱ्या एका अनोळखी बाईनं आपली पाण्याची बाटली पुढे केली आणि आम्ही न बोलता अर्धा चढ बरोबर केला. मार्च 2023 पासून एस.टी.त बायकांना अर्धं तिकीट आहे. निम्मे पैसे शासनानं सोडले, पण "कशाला जातेस?" हा प्रश्न घरानं अजून सोडलेला नाही.

याच साताऱ्याच्या दुष्काळी माण तालुक्यातली ललिता बाबर 2016 साली रिओ ऑलिंपिकच्या 3,000 मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली. नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याची आदिवासी मुलगी कविता राऊत हिनं 2010 साली राष्ट्रकुल स्पर्धेत 10,000 मीटरचं कांस्य आणि त्याच वर्षी आशियाई स्पर्धेत रौप्य मिळवलं. त्यांचा अभिमान वाटतोच. पण पदक मिळवेल तिलाच धावू द्यायचं, असा अर्थ आपण त्यातून काढू नये. बारामतीच्या लता करे साठी उलटल्यावर नऊवारीत, अनवाणी धावल्या, त्या आजारी नवऱ्याच्या उपचाराला पैसे हवेत म्हणून. आपण त्या गोष्टीनं गहिवरतो. मला मात्र ती ऐकताना वाटतं की, नवरा धडधाकट असता आणि या बाईला नुसतं धावावंसं वाटलं असतं, तर तिला कुणी धावू दिलं असतं का?

म्हणून मैत्रिणींनो, काही साध्या गोष्टी करता येतील. तालुक्याच्या मैदानांवर पहाटे आणि संध्याकाळी दिवे आणि चालू स्थितीतलं स्वच्छतागृह असावं, ही मागणी ग्रामसभेत आणि नगरपालिकेत लावून धरू. आश्रमशाळांत मुलींचा खेळाचा तास झाडलोटीत जातो का, ते तपासू. बचतगटाच्या बैठकीनंतर दहाजणींनी मिळून गावाबाहेरच्या रस्त्यानं एक फेरी मारावी. चालत, पळत, जशी जमेल तशी. दहाजणी असल्या की डाकिणीची कुजबूज टिकत नाही. मात्र त्याआधी हिमोग्लोबिन आणि सिकलसेलची तपासणी करून घ्यावी. महाराष्ट्रात निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आहे, आणि सिकलसेलच्या रुग्णाला पाणी कमी पडलं, अति दमणूक झाली तर जिवावर बेतू शकतं. अशा मैत्रिणीनं डॉक्टरांना विचारूनच पाऊल उचलावं, आणि आपण तिच्या चालीनं चालावं.

आणि एखादं वर्ष तोरणमाळला, साडेअकराशे मीटर उंचीवरच्या थंड हवेत, यशवंत तलावाच्या काठानं आपणच एक दौड काढू. घोषवाक्य नको, बक्षीस नको, पाहुण्यांची भाषणं नकोत. कार्यक्रमपत्रिकेत 'उद्देश' असा रकाना असतोच. तो कोरा ठेवू.