सूचना म्हणजे आज्ञा नव्हे

मुद्रितशोधक छपाईपूर्वी मजकूर वाचतो, तशी काही साधने आज्ञावली न चालवता नुसती वाचतात आणि शंकास्थळे दाखवतात. यालाच स्थिर विश्लेषण म्हणतात. बेल प्रयोगशाळेत स्टीफन जॉन्सन यांनी १९७० च्या दशकात ‘सी’ भाषेसाठी रचलेले ‘लिंट’ हे त्यांतले आद्य साधन. कापडाला चिकटणाऱ्या तंतूंवरून त्याचे नाव पडले. आज या साधनांचा वापर सर्रास होतो, आणि सूचनांची संख्या शून्यावर आली की आज्ञावली निर्दोष झाली, असा समजही रूढ होऊ पाहतो. तो मला घातक वाटतो.

सूचनेविना राहणे महागात पडते, यात वाद नाही. फेब्रुवारी २०१४ मध्ये ॲपलच्या प्रणालींतला एक दोष उघड झाला. सुरक्षित जोडणी तपासणाऱ्या भागात ‘गोटू फेल’ ही ओळ लागोपाठ दोनदा पडली होती. दुसरी ओळ विनाअट असल्याने पुढची स्वाक्षरी-पडताळणी कधी होतच नसे. पुढच्या ओळी निरुपयोगी झाल्या आहेत, हे ‘क्लँग’ संकलक सांगू शकत होता. मात्र ती सूचना मुद्दाम मागावी लागे.

याच्या उलट उदाहरण डेबियनचे. तेथील ‘व्हॅलग्रिंड’ हे साधन चालत्या आज्ञावलीची स्मृती तपासणारे, म्हणजे स्थिर विश्लेषणाचे नव्हे. पण धडा दोहोंना लागू आहे. ओपनएसएसएलमध्ये प्रारंभिक मूल्य न दिलेली स्मृती वापरली जाते, अशी त्याची तक्रार होती. २००६ मध्ये ती मिटवण्यासाठी दोन ओळी वगळल्या गेल्या. त्यांपैकी एका ओळीवर गुप्त किल्ल्यांची यादृच्छिकता अवलंबून होती. तक्रार मिटली, पण यादृच्छिकतेसाठी केवळ प्रक्रिया-क्रमांक उरला. त्याला जास्तीत जास्त ३२,७६८ पर्याय. म्हणजे किल्ली ओळखणे सोपे झाले. हे जाहीर झाले ते मे २००८ मध्ये.

पहिल्या प्रसंगी प्रश्न विचारलाच गेला नाही. दुसऱ्या प्रसंगी प्रश्नालाच आज्ञा मानले गेले. साधनाला ओळीचे रूप दिसते, तिचे प्रयोजन दिसत नाही. ते जाणकारालाच ठाऊक असते. म्हणून सूचना गप्प करायची असेल, तर कारण लिहून करावी आणि ते कारण दुसऱ्या जाणकाराने वाचावे. शून्य सूचनांच्या अहवालापेक्षा अशा उत्तरांची नोंद मला अधिक विश्वासार्ह वाटते.